नाव नसलेली बटणं

हेमराज गेल्याची बातमी मला एका चित्रातून कळली. आमच्या दहावीच्या बॅचचा जो ग्रुप आहे, त्यावर सकाळी कुणीतरी ते टाकलं होतं. काळी चौकट, कोपऱ्यात समई, मधे काळा चष्मा घातलेला हेमराज, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याचं नाव. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी ते पाहिलं आणि पहिला विचार आला तो हा, की हे चित्र हेमराजच्या फोनवरही गेलं असणार, कारण तोही त्या ग्रुपमध्ये होता. आणि त्याचा बोलणारा फोन ते वाचून दाखवेल तर एवढंच म्हणेल... ‘इमेज’. हा माणूस दोन वर्षं आम्हाला कानीकपाळी ओरडून सांगत होता, बाबांनो, चित्र टाकता तर खाली दोन ओळी लिहीत जा, मला ऐकू तरी येईल. त्याच्या मरणाच्यासुद्धा दोन ओळी आम्ही लिहिल्या नाहीत. रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

ताप आला होता. चार दिवस अंगावर काढला, मग पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, आणि नागपुरात दुसऱ्या दिवशी संपलं. चव्वेचाळीस वर्षांचा होता. श्रावण चालू होता आणि पोळ्याला अठरा दिवस होते. हे दिवस मी मोजलेत, कारण तोही मोजत होता. आता पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला सांगितलं, तुम्ही त्यांचे जवळचे, त्यांच्या दिव्यांगांसाठीच्या लढ्याबद्दल लिहा. लढा-बिढा काही नव्हतं. त्याला आपल्या पोरीचा वर्षातला एक दिवस पाहिजे होता, तान्ह्या पोळ्याचा. तो दिवस त्याच्या हातून गेला, आणि गेला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना मी कुणाला मोठ्या मनाचा मित्र वगैरे वाटायला नको.

आम्ही पवनीचे. त्याचं घर नदीकडच्या ढीवर मोहल्ल्यात, बाप वैनगंगेत मासे धरायचा, आई बाजारात विकायची. शाळेत आम्ही एका बाकावर. सातवी-आठवीत असताना त्याला दिवेलागणीनंतर दिसेनासं झालं, मग फळ्याच्या कडा दिसेनाशा झाल्या, आणि असं कडेकडेनं कमी होत तिशीपर्यंत सगळंच गेलं. पण बोटं अशी होती की बस. बापाजवळ बसून जाळं विणायला तो डोळे असताना शिकला आणि डोळे गेल्यावर बापापेक्षा चांगलं विणू लागला. गाव कसं असतं, सांगायला नको. कुणी भेटलं की ‘आंधळा मागतो एक डोळा’ ऐकवणार. हेमराज म्हणायचा, “मी एकही नाही मागितला गा, तूच देऊन राहिला.” तोंड असं चालायचं त्याचं. पुढे राखीव जागेवर एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला. लागला त्यानंतर दोन-तीन वर्षांत कचेरीतला टेलिफोन बंद पडला, कारण ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आला, पण हेमराजची खुर्ची त्या बंद टेलिफोनशेजारीच राहिली. रोज दहा वाजता जाऊन तो त्या मुक्या डब्यावरची धूळ पुसायचा आणि बसायचा. दुसरं काम द्या म्हणून त्यानं किती अर्ज केले. साहेब लोक म्हणायचे, पगार मिळतो ना, आराम करा.

प्रणिता लाखांदूरची, तिथंच दवाखान्यात नर्स. लग्न झालं तेव्हा त्याला थोडं दिसायचं, आणि हे जाणार आहे हे तिला माहीत होतं, माहीत असूनच तिनं होकार दिला होता. म्हणून त्यांचं फाटलं तेव्हा लोक म्हणाले, आंधळ्याजवळ कोण राहील. हेमराज मात्र कबूल करायचा, “ते माह्या डोळ्यापायी नाही गेली बे, माह्या तोंडापायी गेली.” खरं होतं ते. तो बोलायचा आणि ती ऐकून घेणारी नव्हती, आणि मधे रिद्धी, सहा वर्षांची. पोरगी आईकडे राहील, एकाआड एक शनिवार-रविवार आणि मे महिन्यातले थोडे दिवस बापाकडे, असं ठरलं. सणांमधला हेमराजनं एकच मागितला, तान्हा पोळा. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा पोळा असतो. लाकडाचे चाकंवाले नंदी सजवून पोरं घरोघर फिरतात आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा ठेवतात, दहा-वीस रुपये, खाऊ. हेमराजनं रिद्धीसाठी नंदी करून घेतला होता आणि त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले होते, म्हणजे गल्लीत ती कुठं आहे ते त्याला मागून चालताना कळायचं. मोहल्ल्यात त्या दिवशी हा बाप-लेकीचा ठरलेला फेरा होता. वर्षभर तो त्या एका फेरीवर जगायचा, असं म्हटलं तरी फार होत नाही.

फोनवर बोलले की दोघं भांडायचे. मग कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी तोडगा काढला, की वेगळ्या राहणाऱ्या आईबापांसाठी एक ॲप असतं, आता जे काय बोलायचं ते त्यातच बोला. मुलीचं वेळापत्रक, शाळेच्या सूचना, औषधं, दिवसांची अदलाबदल, पोरीला पाठवायचे आवाजी निरोप, सगळं त्यात. सगळं लेखी राहील, वाद राहणार नाही. कल्पना वाईट नव्हती. ॲपचं नाव मी लिहीत नाही, जाहिरात कशाला. पण हेमराजच्या फोनवर ते आलं आणि पहिल्याच दिवशी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “वासू, हे तं मुकं आहे.” त्याचा फोन पडद्यावरचं वाचून दाखवतो, बोट सरकेल तसं बोलतो. या ॲपमध्ये लिहिलेला मजकूर कसाबसा वाचला जायचा, पण बटणांना नावंच दिलेली नव्हती. डोळेवाल्याला हिरवं बटण, लाल बटण, घंटेचं चित्र दिसतं. त्याला ऐकू यायचं, बटण, बटण, बटण. कॅलेंडरात आईचे दिवस गुलाबी आणि बापाचे निळे. त्याच्या फोनला सगळे दिवस सारखे. काही निरोप तर मिनिटभर दिसून आपोआप नाहीसे व्हायचे, फोन अर्धा वाचेपर्यंत गायब. प्रणिता विचारायची, रिद्धीला शुक्रवारी आणून सोडू का, आणि याला ते सापडेपर्यंत शनिवार उजाडायचा. ॲप मग लिहून ठेवायचं, वडिलांनी उत्तर दिले नाही. अशा नोंदींचा कागद काढून समुपदेशक बाईंपुढे ठेवला गेला. बाई त्याला समजावून म्हणाल्या, मुलीसाठी थोडा वेळ काढत जा. ज्या माणसाजवळ दिवसभर वेळाशिवाय दुसरं काही नव्हतं, त्याला.

आता माझी गोष्ट. बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. लोक येतात, फोन माझ्या हातात देतात, मी दाबतो. केवायसी असो, दाखला असो, पेन्शन असो, सगळीकडे शेवटी एक लांबलचक मजकूर येतो आणि खाली ‘मान्य’. तो मजकूर कुणी वाचत नाही. मी वाचायला लागलो तर दिवसाला पाच माणसंही होणार नाहीत. गावात माझी ख्यातीच ती आहे, वासूचा हात झटपट आहे. हेमराजलाही मीच म्हटलं होतं, “दे इकडे, मी करून देत जाईन.” त्याला ते आवडत नव्हतं. पण करणार काय. गेल्या वर्षी जुलैत पीक विम्याची गर्दी होती, दारापर्यंत रांग, सर्व्हर रडत चाललेला. हेमराज आला, नेहमीच्या खुर्चीवर बसला आणि फोन पुढे करून म्हणाला, “प्रणिताचं काही आलं आहे. मोठं आहे, अर्ध्यातच गायब होते. वाचून सांग.” मी एका हातानं कुणाचा तरी सातबारा चढवत होतो. दुसऱ्या हातानं त्याचा फोन घेतला, मजकूर आला, खाली हिरवं बटण आलं, आणि माझा अंगठा गेला. सवयीनं गेला. “झालं,” मी म्हटलं. “काय होतं?” तो म्हणाला. मला एवढं आठवत होतं की वर कुठंतरी ‘शाळा’ हा शब्द होता. मी म्हटलं, शाळेचं होतं काही. तो उठून गेला.

त्यात असं होतं, की यापुढे दरवर्षी तान्हा पोळा आईकडे, कारण दुसऱ्या दिवशी शाळा असते आणि पवनीहून परतायला उशीर होतो, त्याबदल्यात मे महिन्यात दहा दिवस जास्त बापाकडे. हे मला कधी कळलं? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हेमराज सकाळपासून बसस्टँडवर उभा होता, माझ्या दुकानासमोरच. नंदीच्या चाकांना खोबरेल लावून तो घरून घेऊन आला होता, रिद्धी स्टँडवरून ओढतच घरी नेईल म्हणून. लाखांदूरची एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. उतरणाऱ्यांच्या पायांचा आवाज संपला की तो थोडा वेळ थांबायचा आणि मग मान खाली घालायचा. त्याच्या आजूबाजूनं पोरं आपापले नंदी ओढत चालली होती. शेवटी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “पाह्य बरं, काही निरोप आहे का.” मी ॲप उघडलं. ‘दोन्ही पालकांनी मान्य केलेला बदल.’ खाली तारीख, वेळ. मी ते आता पूर्ण वाचलं. आणि त्याला म्हटलं, “नेटवर्क नाही गा.” माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे, धंदाच तसा आहे, पण इतकं नालायक वाक्य माझ्या तोंडून दुसरं निघालेलं नाही.

चार दिवस मी तोंड लपवलं. पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं. तो ओसरीवर फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता, हात थांबला नाही.

“मले माहीत आहे,” तो म्हणाला. “तारीख-वेळ तं फोन वाचते ना. त्या टायमाले मी तुह्या खुर्चीवर बसलो होतो. वाट पाहून राहिलो होतो, तू कधी सांगतं ते.”

त्यानं एक गाठ आवळली.

“एक सांग. वाचलं होतं का तू?”

“नाही.”

“मंग दाबलं कायले?”

मी म्हटलं, मी येतो लाखांदूरला, प्रणिताला सांगतो माझी चूक झाली. तो नको म्हणाला. तिच्याकडून तिनं रीतसर विचारलं होतं आणि याच्याकडून हो गेलं होतं. आता फिरवलं तर शब्द फिरवणारा ठरणार. आणि खरं सांगितलं तर अजून वाईट, समुपदेशक बाई म्हणणार, पोरीच्या खाजगी गोष्टी हा माणूस चौकातल्या दुकानात वाचून घेतो, अशा माणसाच्या भरवशावर लेकरू कसं सोडायचं. असा कैचीत सापडला होता तो, आणि कैची माझी होती. तो भांडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या आईनं चहा आणला, आम्ही प्यालो, त्यानं पावसापाण्याच्या गोष्टी केल्या. येणंजाणंही तुटलं नाही. पण त्या दिवसापासून त्यानं आपला फोन माझ्या हातात दिला नाही. कधीच नाही. बोलता बोलता माझा हात पुढे जायचा, तो फोन खिशात टाकायचा.

लोक ज्याला लढा म्हणतात तो इथून सुरू झाला. त्यानं ॲपच्या कंपनीला लिहिलं, बोलून बोलून, स्वतः. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा मोलाचा. दर सोमवारी कचेरीत बसलं की पहिलं काम ते, आणि बहुतेक त्यांना कंटाळा आला म्हणूनच, दिवाळीनंतर पुण्याहून एका मुलीचा फोन आला. अदिती तिचं नाव, ॲप बनवणाऱ्यांपैकीच. चांगली मुलगी. ती म्हणाली, “सर, खरं सांगू का, आईवडलांपैकी कुणी अंध असेल असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.” हेमराजनं तिला विचारलं, “काहून? आंधळ्याले पोरं होत नाहीत का?” ती बिचारी गडबडली. “का पोरं होतात, पन फारकत होत नाही? तसं असन तं लयच चांगलं मत आहे बाप्पा तुमचं आमच्याबद्दल.” हे त्यानं मला हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो, पण त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आता कळत नाही.

पुढचे सहा-सात महिने दुपारच्या वेळी त्या बंद टेलिफोनशेजारी बसून हेमराज आपल्या मोबाईलवर त्या मुलीशी बोलायचा. ती कच्चं ॲप पाठवायची, हा त्याच्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचा, आणि कुठं अडलं ते सांगायचा. जाळं नदीत टाकण्याआधी ढीवर ते चाचपतो, एकेक घर बोटाखालून काढतो, तसंच त्यानं ते ॲप काढलं. प्रत्येक तारखेनं सांगितलं पाहिजे, आईकडे की वडिलांकडे. निरोप वाचून होईस्तोवर हलला नाही पाहिजे. दिवस बदलायला बोटानं ओढायला लावता, ज्याचे हात थरथरतात त्यानं काय करावं. आंधळगावची एक शिलाई करणारी बाई, ऐकू न येणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, त्याला कुठून तरी माहीत झाली होती. लेकराला ताप आला, अशा तातडीच्या वेळी ॲपमध्ये फक्त आवाजी निरोपाची सोय होती, नवरा तिकडून बोलायचा आणि हिला ते फोनवरचं एक त्रिकोणी चित्र. हेमराज तिच्या भाचीला मधे घेऊन तिच्याशी बोलला आणि अदितीला म्हणाला, आवाज जाईल तिथं अक्षरंही जातील आणि अक्षरं जातील तिथं आवाजही, दोन्ही ठेवा. याचा त्याला एक पैसा मिळाला नाही, आणि त्यानं मागितलाही नाही. मी एकदा म्हटलं, फुकट राबवून घेऊन राहिले तुले. तो म्हणाला, “बारा वर्षांत मले कोणीतरी काम देल्लं ना.”

एक गोष्ट मला तो गेल्यावर अदितीकडून कळली. त्या हिरव्या-लाल बटणांना तिनं नावं दिली होती, ‘होय’ आणि ‘नाही’. हेमराज म्हणाला, चालणार नाही. “होय कायले? बटणानं सांगतलं पाहिजे, मले दाबलं तं काय होईन.” म्हणजे ‘होय’ नाही, ‘तान्हा पोळा दरवर्षी आईकडे द्या’ असं पूर्ण. ती म्हणाली, सर, वर मजकुरात ते लिहिलेलं असतंच, तुमचा फोन तो वाचतोही आता, मग बटणात पुन्हा कशाला? तर म्हणे हेमराज म्हणाला, “हे मी आंधळ्यांसाठी नाही सांगून राहिलो, मॅडम. डोळेवाल्यांसाठी सांगून राहिलो.” तिला वाटलं विनोद आहे. फोनवर मला हे सांगताना ती हसलीही थोडी. मला माझा अंगठा आठवला.

जूनमध्ये नवं ॲप त्याच्या एकट्याच्या फोनवर आलं, तपासण्यासाठी. बाकी जगासाठी पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात असं चाललं होतं. त्या कच्च्या ॲपमधून त्यानं प्रणिताला मागणी पाठवली. यंदाचा तान्हा पोळा मला द्या, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी स्वतः तिला शाळेत आणून सोडतो. तीन दिवसांनी उत्तर आलं. प्रणितानं मान्य केलं. खाली लिहिलं होतं, रिद्धी पण म्हणत होती. त्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो काठी टेकत माझ्या दुकानात आला, खुर्चीवर बसला आणि फोन माझ्यासमोर धरून, पण हातात न देता, फोनलाच ते वाचायला लावलं. फोन बोलला. तो म्हणाला, “मी दाबलं. कोणाले न विचारता.” इतका खूष मी त्याला डोळे होते तेव्हाही पाहिला नव्हता. नंदीला रंग द्यायला टाकला, नवे घुंगरू आणले, आणि भेटेल त्याला आता इतके दिवस राहिले म्हणून सांगत सुटला... आणि अठरा राहिले असताना गेला.

तान्हा पोळा झाला. मी दुकान बंद ठेवलं होतं. त्यानंतर आठवड्यानं ते नवं ॲप सगळ्यांसाठी आलं, आणि कंपनीनं एक पान टाकलं, आम्ही सर्वांना सोबत घेऊन चालतो, एका दृष्टिहीन पालकाच्या सहकार्याबद्दल आभार. नाव नाही. का, तर म्हणे गोपनीयता. वर एक चित्र आहे, हसरे आईबाप आणि मधे लेकरू, आणि त्या चित्राखाली काय आहे ते सांगणारी ओळ टाकायला ते विसरले. अदितीनं मला रडत फोन केला की अजून एक महिना आधी झालं असतं तर. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आमच्या पोळ्याच्या मुलखात सांगावी लागत नाही.

गेल्या रविवारी हेमराजच्या आईनं, मावशींनी, मला बोलावून घेतलं. प्रणिता रिद्धीला घेऊन आली होती. मी गेलो तेव्हा दोघी सासू-सुना चुलीजवळ नुसत्या बसल्या होत्या, आता कोणत्या नात्यानं बोलायचं हे दोघींनाही उमगत नसावं. हेमराजचा फोन खिडकीत चार्जिंगला होता. मावशी तो रोज सकाळी लावतात, कुणाचा फोन येणार आहे असं विचारायची माझी हिंमत नाही. प्रणिता म्हणाली, “भाऊजी, ते ॲप बंद करून द्या ना. एकाआड एक शनिवारी मला सांगते, आज वडिलांकडे सोडायचं आहे म्हणून. माझ्याकडून बंद होत नाही, यांच्याच फोनवरून होते म्हणतात.” तिचा आवाज कोरडा होता, पण ओढणीचं टोक तिनं बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. तिलाही कुणी बोलू देत नाही. वेगळी झालेली बाई, तिनं कायले रडावं, असं लोकांचं म्हणणं.

मी उठलो. रिद्धीनं त्याआधीच फोन हातात घेतला होता. दहा वर्षांची आहे, बापासारखी बारीक, बापासारखी बोटं. मी हात पुढे केला आणि म्हटलं, “दे बेटा इकडे, मी करतो.”

“नाही काका,” ती म्हणाली. “मले येते.”

तिनं फोन कानाजवळ धरला आणि बोट सरकवू लागली. पडद्याकडे ती पाहतसुद्धा नव्हती. फोन भराभर बोलत होता, हेमराजनं ठेवलेल्या वेगात, मला त्यातलं एक अक्षर कळेना आणि तिला सगळं कळत होतं. मग एका जागी ती थांबली, वेग कमी केला आणि आम्हाला ऐकू जाईल असा फोन खाली धरला. “वडिलांचे खाते कायमचे बंद करा आणि त्यांनी रिद्धीला पाठवलेले सर्व आवाजी निरोप पुसून टाका. बटण.”

प्रणितानं तोंडाला ओढणी लावली. मावशी चुलीकडे पाहत होत्या. मग मी बोललो. जे रोज काउंटरवर बोलतो तेच बोललो. “असं सगळ्याच ॲपमध्ये लिहून राहते बेटा. दाबून टाक.”

रिद्धीनं माझ्याकडे वळून पाहिलं. रागानं नाही, अगदी साधं, एखाद्या लहान मुलाला समजावून सांगावं तसं.

“बाबा म्हणे, आधी पूरं आयकाचं, मंग दाबाचं.”

तिनं ते पुन्हा एकदा लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकलं. मग बोट त्या बटणावरून पुढे काढलं, फोन खिडकीत नेऊन ठेवला आणि चार्जरची पिन नीट बसली आहे का ते चाचपून पाहिलं. माझा हात अजून पुढेच होता. तो मी मागे घेतला.